कोयनेची वही आणि दहावीचं वर्ष

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वडिलांनी लिहिलं आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे, जूनमध्ये दहावीत जाईल. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं निदान केलं. हे घरात फक्त आईवडिलांना माहीत आहे. मुलीला सांगितलेलं नाही, शाळेलाही नाही. सहामाहीत तिला गणिताच्या दोन्ही पेपरांत ४० पैकी ३९ मिळाले, मराठीत ८० पैकी ३४. मराठीत ‘मी शाळेची घंटा बोलतेय’ हे आत्मकथन लिहायचं होतं. तिनं ‘घंटा बोलत नाही, वाजते’ एवढं एकच वाक्य लिहिलं आणि बाकी पान कोरं सोडलं. बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, मुलं हसली. तेव्हापासून ती गणिताच्या तासालाही हात वर करत नाही. एक जरी मार्क गेला तरी पेपर फाडून टाकते, आणि सारखं म्हणते, ‘मी ढ आहे.’ सकाळी एक क्लास, मग शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास. घरी आली की अंधार करून पडते, कुकरची शिट्टी झाली तरी किंचाळते. रोजच्या पेपरातून कोयना धरणाचा पाणीसाठा आणि महाबळेश्वर, नवजाचा पाऊस टिपून ठेवायची तिची एक वही आहे. अभ्यासाचा वेळ जातो म्हणून वडिलांनी ती वही दहावी होईपर्यंत कपाटात ठेवली आहे, आणि ती ‘माझी वही द्या’ म्हणते. ते विचारतात: तिचा आत्मविश्वास कसा वाढवावा, म्हणजे ती ९० टक्क्यांच्या पुढे जाईल? भीड चेपायला वक्तृत्व स्पर्धेत घालावं का? बोर्डाच्या सवलती घ्याव्यात का? प्रमाणपत्र काढलं तर कायमचा शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण येईल, ही भीती आहे.

उत्तर:

नमस्कार.

लेकीचे मार्क तुम्ही विषयवार, पेपरवार लिहिलेत. ती स्वतः काय म्हणते याची मात्र पत्रात दोनच वाक्यं आहेत: ‘मी ढ आहे’ आणि ‘माझी वही द्या’. मला या दोन वाक्यांपासूनच सुरुवात करायची आहे, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथून निघतात.

गणितात ४० पैकी ३९ मिळवणारी मुलगी स्वतःला ढ का म्हणत असेल? तिच्या बाजूनं बघा. वर्गातल्या मुली कशाला हसतात ते तिला कळत नाही. बाई जे न सांगता गृहीत धरतात ते इतरांना आपसूक समजतं, तिला समजत नाही. पंखा, बाकांचा आवाज, साठ जणांचा कलकलाट इतरांना जाणवतही नाही, तिचं डोकं त्यानं भणभणतं. हे ती लहानपणापासून बघते आहे. हुशार आहे, म्हणजे कारण शोधणारच. खरं कारण तुमच्या कपाटातल्या अहवालात आहे, पण ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. मग या वयाच्या मुलीला जे कारण सुचतं तेच तिला सुचलं.

तुमचं गणित असं दिसतं: आत्मविश्वास वाढला की मार्क वाढतील, आणि मार्क वाढले की आत्मविश्वास आणखी वाढेल. पण तिला गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी आहेत, आणि तरी तो वाढलेला नाही. आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास माणसात कुठून येतो, याची मांडणी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली केली. त्यात सगळ्यात वजनदार गोष्ट आहे ती स्वतः झगडून काहीतरी जमवल्याचा अनुभव. मग आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना बघणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि आपल्या शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, थकवा, भीती. आता हे तुमच्या मुलीला लावून बघा. गणित तिला न झगडता येतं, म्हणून तिच्या लेखी ती कमाईच नाही. मराठीत ती झगडते, पण कुठे अडतं ते कुणी दाखवत नाही. ‘आपल्यासारखं’ कुणी तिच्या ओळखीचं नाही, कारण आपण कोणासारख्या आहोत हेच तिला माहीत नाही. बाईंचा शब्द भर वर्गात आला, तो हशा घेऊन. आणि शरीर तर दोन क्लास आणि शाळा यांत रोज पिळून निघतं. असं असताना ती हात वर करत नाही यात नवल काही नाही.

दुसरं एक गृहीत तुमच्या पत्रात आहे, आणि शाळेतही ते असणार: गणितात ३९ मिळवणाऱ्या मुलीला मराठीत ३४ पडतात म्हणजे ती मराठीत आळस करते. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ वर्षांची ३० ऑटिस्टिक मुलं होती, बौद्धिक चाचणीत चांगली ठरलेली. त्यांतल्या २७ जणांची निदान एका विषयातली मजल त्यांच्या बुद्ध्यांकाशी जुळत नव्हती, काहींची अपेक्षेपेक्षा बरीच वर, काहींची बरीच खाली. अभ्यास लहान आहे, पण शिक्षक आणि पालक जे रोज बघतात त्याच्याशी तो जुळतो. या मुलांची मजल विषयागणिक खालीवर असते. त्यावर ‘हे येतं तर ते का नाही’ असं विचारत राहिलं की मुलाला आपण खोटं ठरवतो आहोत एवढंच कळतं.

आता त्या घंटेकडे येऊ. ‘घंटा बोलत नाही, वाजते’ हे वाक्य अचूक आहे. तिला विषय कळला नव्हता असं मला वाटत नाही. काय करून हवं आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं. आत्मकथनात ‘घंटेला बोलता आलं असतं तर’ ही अट गाळलेली असते. इतर मुलं ती मनातल्या मनात भरून घेतात, तिला ती लिहून द्यावी लागते. (आणि एका मुलीचं अर्धवट उत्तर वर्गात वाचून दाखवणं चूकच होतं. तुम्ही बाईंना भेटाल तेव्हा हे शांतपणे पण स्पष्ट सांगा.)

घरी असं करून बघा. तिला सांगा, निबंध नंतर, आधी घंटेची माहिती जमव. कुठे टांगली आहे? कशाची आहे? दिवसात किती वेळा वाजते, कोण वाजवतं? पहिला टोला पडला की कोण पळतं, शेवटचा पडला की काय होतं? मे महिन्यात तिचं काय होतं? अशी दहा-बारा वाक्यं ती भराभर लिहील, कारण निरीक्षण हे तिचं बलस्थान आहे. मग एकच नियम द्या: प्रत्येक वाक्यात ‘घंटा’ काढून ‘मी’ घाल. ‘घंटा पितळेची आहे’चं ‘मी पितळेची आहे’ झालं. ‘सुट्टीत घंटा वाजत नाही’चं ‘सुट्टीत मी गप्प असते’ झालं. शेवटी दोन ठरावीक प्रश्न: घंटेला काय आवडत असेल, काय खुपत असेल? त्याची दोन-दोन वाक्यं. पान भरलं. पहिल्या वेळी ते कोरडं वाटेल, वाटू द्या. चार-पाच विषयांनंतर तिच्या लिखाणात तिचं असं काहीतरी येऊ लागेल. निरीक्षणातून आलेलं आत्मकथन ‘मी अबोल, मूक साक्षीदार’ अशा पाठ वाक्यांपेक्षा कितीतरी चांगलं असतं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

शिवाय दहावीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एकच लिहायचं असतं. म्हणजे तिला हवं तर ती आत्मकथनाच्या वाटेला जाणारही नाही. ‘पाणी’, ‘पर्यावरण’, ‘विज्ञान’ असे वैचारिक विषय तिला जास्त जवळचे वाटतील. हे तिला आज सांगा. किती मुलं बारा महिने एका प्रश्नाच्या धसक्यात काढतात, आणि तो प्रश्न सोडता येतो हे त्यांना माहीतच नसतं.

स्वमताच्या प्रश्नांचंही असंच. ‘तुमचे मत लिहा’ म्हटलं की ही मुलं दोन टोकांना जातात. एक तर ‘मला काही मत नाही’ लिहितात, नाही तर खरंखुरं मत एका ओळीत लिहून मोकळी होतात. तिला साचा द्या: आधी मत, मग धड्यातला किंवा कवितेतला आधार, मग रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण. प्रत्येकाची दोन वाक्यं. गणितात पायऱ्या लिहिल्या नाहीत तर मार्क जातात हे तिला ठाऊक आहे, इथेही पायऱ्यांनाच मार्क असतात हे तिला लगेच पटेल.

पेपर फाडण्याबद्दल. तिला चूक सहन होत नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं, चूक कुठून आली हे न कळणं तिला सहन होत नाही. पेपर मिळाल्यावर लगेच काही बोलू नका. एक दिवस जाऊ द्या. मग दोघं मिळून गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे एक अक्षर लिहा: ‘प्र’ म्हणजे प्रश्नच कळला नव्हता, ‘न’ म्हणजे उत्तर येत नव्हतं, ‘ल’ म्हणजे येत होतं पण लिहिलं नाही, ‘घ’ म्हणजे घाईत चुकलं. मराठीच्या पेपरात ‘न’ फारच थोडे निघतील, ‘प्र’ आणि ‘ल’ भरपूर, असा माझा अंदाज आहे. ते तिनं स्वतः मोजावेत, हवं तर आलेख काढावा. ‘मी ढ आहे’ याला तुम्ही ‘नाहीस गं बाळा’ म्हणून कितीही उत्तर द्या, तिला ते पटणार नाही. स्वतः मोजलेले आकडे पटतील.

आणि आता ती वही. परत द्या. दहावी झाल्यावर वगैरे नको, आजच.

हे मी लाडानं सांगत नाही. १०५ टीएमसीच्या धरणात आज किती पाणी आहे, काल किती होतं, नवजाला किती मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे किती आवक होते, हे एक मुलगी रोज स्वतःहून टिपते. यात नोंदी ठेवणं आहे, तुलना आहे, टक्केवारी आहे, सरासरी आहे. दहावीच्या गणितातला सांख्यिकीचा धडा तिच्या वहीत आधीच अर्धा झालेला आहे. भूगोल आणि विज्ञान बाजूला ठेवलं तरी, वैचारिक लेखनासाठी तिच्याकडे जी सामग्री आहे ती तालुक्यातल्या किती मुलांकडे असेल? आणि आत्मविश्वासाचं म्हणाल, तर ‘हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं’ असं म्हणता येण्याची तिची एकमेव जागा तुम्ही कुलूपबंद केली आहे. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. तरीही ती परत द्यायला हवी.

टेंपल ग्रँडिन यांचं उदाहरण इथे देण्यासारखं आहे. त्या ऑटिस्टिक आहेत. १९८९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, आणि पुढे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. शाळेत असताना त्यांना गुरं धरून ठेवायच्या पिंजऱ्याचं वेड लागलं. त्यात गायी शांत होतात हे बघून त्यांनी स्वतःसाठी तसंच दाबून धरणारं यंत्र बनवलं. आजूबाजूच्या शहाण्या माणसांना ते विचित्र वाटलं, ते काढून घ्यावं असंही ठरत होतं. त्यांचे विज्ञानाचे शिक्षक, विल्यम कार्लॉक, यांनी उलट सांगितलं: यानं शांत का वाटतं हे तुला शोधायचं असेल तर विज्ञान शिकावं लागेल, शोधनिबंध वाचावे लागतील. अभ्यासात मागे पडलेली मुलगी त्या ओढीनं अभ्यासाला लागली. तुमची मुलगी प्राध्यापक होईल असं मला सुचवायचं नाही. ऑटिस्टिक मुलांमध्ये काहीतरी अलौकिक दडलेलं असतंच, हा समजही त्यांच्या डोक्यावर ओझंच ठेवतो. त्या शिक्षकांनी वेडाला अभ्यासाची वाट केलं, एवढंच घ्या. वहीसाठी दिवसातली ठरलेली वेळ ठेवा, संध्याकाळी अर्धा तास म्हणा, आणि तो बक्षीस म्हणून देऊ नका, शिक्षा म्हणून काढूही नका.

वेळ कुठून आणायचा? एक क्लास बंद करून. दोनपैकी कुठला, ते तिला विचारा. ज्या हॉलमध्ये गर्दी जास्त, आवाज जास्त, तोच ती सांगेल. घरी आल्यावर अंधार करून पडणं, शिट्टीला किंचाळणं, याला घरात ‘नखरे’ म्हणतात असं तुम्ही लिहिलं आहे. दिवसभर ती आवाज, उजेड, धक्के सोसते, आणि वर इतरांसारखं दिसण्याची धडपड करते: कुठे बघायचं, कधी मान डोलवायची, हसायचं कधी. शाळेत शहाण्यासारखी वागणारी मुलगी घरी आल्यावर कोसळते, ती त्या दमणुकीनं. घर सुरक्षित वाटतं म्हणूनच घरी कोसळते. आल्यावर तासभर कुणीही ‘आज काय शिकवलं’ विचारू नका. कुकर ती यायच्या आधी लावून ठेवा. एवढ्यानं तिच्या अभ्यासाला जो वेळ मिळेल तो दुसऱ्या क्लासनं मिळणार नाही.

वक्तृत्व स्पर्धेचा विचार सोडून द्या. भीड चेपते ती आपल्या मापाचं काहीतरी जमल्यावर. पाठ केलेलं भाषण शंभर जणांसमोर अडखळलं तर आधीच्या हशाला दुसरा हशा जोडला जाईल. आणि मोठ्यानं, सगळ्यांसमोर, डोळ्यांत बघून बोलणं म्हणजेच आत्मविश्वास, असं आपण का धरून चालतो? ‘मला हा प्रश्न कळला नाही, परत सांगाल का’ असं एका शिक्षकाला हळू आवाजात विचारता येणं, हे तिच्यासाठी त्याहून मोठं आहे आणि जन्मभर उपयोगी पडणारं आहे. त्याचा सराव करा. भाषेच्या तोंडी परीक्षेचंही बाईंशी बोला, वर्गासमोर उभं करण्याऐवजी ती एकट्या बाईंसमोर घेता येईल का, आणि विषय आदल्या दिवशी मिळेल का.

आता सगळ्यात अवघड भाग: तिला सांगणं. तुम्ही लिहिता, ‘समजलं तर ती आणखी खचेल.’ मला ही भीती समजते, पण ती आत्ताच खचलेली आहे, आणि तेही चुकीच्या कारणानं. विद्यापीठात शिकणाऱ्या ऑटिस्टिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपण ऑटिस्टिक आहोत हे लहान वयात कळलं होतं, ते मोठेपणी आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. तुम्ही थांबलात त्यानं आभाळ कोसळलेलं नाही, पण आणखी थांबण्यात काही फायदा दिसत नाही.

सांगायचं कसं? परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, भांडण झाल्यावर नको, पाहुणे असताना तर नकोच. एखाद्या निवांत रविवारी, शक्य असेल तर चालताना किंवा एसटीच्या शेजारच्या सीटवर बसून, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं दडपण राहणार नाही. साधं बोला: ‘पुण्याला आपण डॉक्टरांकडे गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुला ऑटिझम आहे. काही माणसांचा मेंदू जगातली माहिती वेगळ्या तऱ्हेनं घेतो. म्हणून तुला आवाजाचा एवढा त्रास होतो. न सांगितलेलं ओळखणं तुला जड जातं. आणि म्हणूनच तुझ्या वहीत एकही आकडा चुकत नाही. हा आजार नाही, ही कुणाची चूक नाही. आम्ही आधी सांगायला हवं होतं.’ मग गप्प बसा. ती कदाचित काहीच बोलणार नाही, आणि दोन दिवसांनी जेवताना एकदम प्रश्न विचारेल. तिला तो अहवाल वाचायचा असेल तर द्या, हा अहवाल तिचाच आहे. आणि हे सगळं फक्त छान-छान आहे असंही सांगू नका. काही गोष्टी तिला आयुष्यभर जड जाणार आहेत. हे लपवलं तर ती तुमच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवणार नाही.

तिला सांगितल्यानंतरच शाळेला सांगा, आणि तिला विचारून. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि मराठीच्या बाई एवढ्यांना पुरे. वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही ते तीच ठरवेल. शिक्षकांना नुसतं ‘ऑटिझम आहे’ सांगून काही हाती लागत नाही, त्यांनाही काय करायचं ते कळत नसतं. एका पानावर तिच्याकडूनच लिहून घ्या: सूचना फळ्यावर लिहिल्या तर मला कळतात. अचानक उभं केलं तर येत असलेलंही सुचत नाही. मला पंख्याखालची जागा नको, भिंतीकडची हवी. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू द्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांना त्यांना बोलावून घ्यायला सांगा.

प्रमाणपत्राबद्दल. ऑटिझम हा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. पुण्याच्या डॉक्टरांचा अहवाल आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा आणि सिव्हिलला तपासणीसाठी जायचं. तिथे आयएसएए नावाच्या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीनं तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधल्या किमान ५ टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरते. परीक्षेत जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. लेखनिकाचीही सोय असते. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तुमच्या जिल्ह्याचं मंडळ कोल्हापूरला आहे. दिवाळीनंतर धावपळ नको, दहावीची शाळा सुरू झाली की लगेच मागे लागा.

सवलत घेणं म्हणजे इतर मुलांवर अन्याय, असं एक वाक्य तुमच्या पत्रात आहे. लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिच्या हक्काचा जादा तास नाकारला गेला होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. नाकारण्याला न्यायालय अन्याय म्हणतं, घेण्याला नाही. मात्र सवलती सरसकट घेऊ नका. तुमच्या मुलीला लेखनिक बहुधा नकोच असेल. अनोळखी माणसाला सांगून लिहवून घेणं तिला जास्त त्रासाचं होईल. गणितात जादा वेळेचीही गरज नसेल. मराठी आणि सामाजिक शास्त्रांत तो खूप उपयोगी पडेल. घरी घड्याळ लावून दोन्ही प्रकारे सराव पेपर सोडवून बघा आणि तिलाच ठरवू द्या. शांत, वेगळ्या खोलीत बसायची सोय होईल का हे मात्र जरूर विचारा, तिच्यासाठी तेच कदाचित सगळ्यात मोलाचं ठरेल.

शिक्क्याचं म्हणाल, तर प्रमाणपत्र तुमच्याच घरात राहतं. ते कुठे दाखवायचं, कुठे नाही, हे आज तुमच्या आणि उद्या तिच्या हातात आहे. ‘ढ’ हा शिक्का मात्र तिच्यावर आत्ताच बसलेला आहे. आणि लग्नाबद्दल: १४ वर्षांच्या मुलीचं शिक्षण तिच्या अजून न ठरलेल्या सासरच्या मर्जीनं आखू नका. मोठी झाल्यावर लग्न करायचं की नाही ते ती ठरवेल, आणि केलंच तर जो माणूस हे ऐकून मागे फिरेल त्याच्याशी संसार कसा झाला असता याचाही विचार करा.

बोर्डाचं केंद्र बहुतेक दुसऱ्या शाळेत येतं. परीक्षेच्या आधी तिला तिथे घेऊन जा. फाटक, जिना, पाण्याची जागा, स्वच्छतागृह दाखवा. उत्तरपत्रिकेवरचा बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर, पुरवणी बांधायचा दोरा, मध्येच येणारं भरारी पथक, हे सगळं आधी समजावून सांगा, शिक्षकांकडून जुनी उत्तरपत्रिका दाखवता आली तर बघा. पहिल्याच पेपराला अनोळखी माणसानं येऊन सही मागितली की या मुलांची पंधरा मिनिटं जातात, आणि पहिला पेपर मराठीचाच असतो.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी काही पालकांसाठी: सगळ्याच मुलांना सहा विषयांचा भार एका वर्षात पेलेल असं नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, पाच वर्षांच्या मुदतीत थोडे-थोडे विषय देऊन दहावी होता येतं. तो मार्ग कमीपणाचा नाही. पण शाळेला मूल नकोसं झालं म्हणून ती ढकलत असेल, तर तो मार्ग घेऊ नका. कायद्यानं शाळेला तसं करता येत नाही.

एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवा. ऑटिस्टिक मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. झोप उडाली, जेवण तुटलं, वहीतही मन लागेना, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, तर दहावी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

९० टक्क्यांचं काय, असं तुम्ही अजूनही विचाराल. येतील किंवा ८२ येतील, मला सांगता येणार नाही. अकरावीचं कॉलेज निवडताना मात्र कट-ऑफच्या आधी तीन गोष्टी बघा: एका वर्गात किती मुलं, जायला एसटीचा एकच टप्पा आहे की मध्ये बदलावी लागते, आणि प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतःला प्रयोग करायला मिळतात का. निकालाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, दोन-तीन कॉलेजं तिला दाखवून आणा. अर्ज भरायची वेळ आली की पसंतीक्रम तिलाच लावू द्या.